टुणीची सहावी कोल्हापुरी

एक होती नाकतोडी. तिचं नाव टुणी.
टुणीला पाय किती? सहा!
मग चपला किती? सहा!
आणि कशा हव्यात? साडीला शोभतील अशा!

आज टुणीच्या दादाचं लग्न. टुणी झाली करवली. करवली म्हणजे नवऱ्याची बहीण. तिने पाण्याचा करा धरायचा. नवऱ्यामागे उभं राहायचं. करवलीशिवाय वऱ्हाड निघतच नाही!

टुणी जांभळी पैठणी नेसली. मग कोल्हापुरी घातल्या. एक, दोन, तीन, चार, पाच...
कट्ट!
सहावीचा अंगठा तुटला. आता बोट अडकवायचं कुठे?
टुणीला रडू आलं. अगदी एवढंसं.

दादा म्हणाला, "पाच आहेत ना? सहाव्या पायाकडे कोण बघतंय?"
"मी बघतेय ना! थांब, आत्ता येते!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टुणी गेली शिंपीणताईकडे. शिंपीणताई म्हणजे पानं शिवणारं पाखरू.
"शिंपीणताई, शिंपीणताई, चप्पल शिव."
"दोरा नाही बाई. तू गमबूट घाल की!"
"छे! गमबूट चिखलाला. पैठणीवर कोल्हापुरीच!"
"मग कोळ्याने दोरा दिला तर शिवते."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टुणी गेली कोळीमामाकडे.
"कोळीमामा, कोळीमामा, दोरा दे.
शिंपीण शिवेना,
करवलीला चप्पल मिळेना!"
"कसा देऊ? शेळी फांदी ओढते. जाळं हलतं गदागदा. तू सपाता घाल की!"
"छे! सपाता घरात. पैठणीवर कोल्हापुरीच!"
"मग शेळी थांबली तर देतो."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टुणी गेली शेळीमावशीकडे.
"शेळीमावशी, शेळीमावशी, थांब.
कोळी दोरा देईना,
शिंपीण शिवेना,
करवलीला चप्पल मिळेना!"
"बें! भूक लागलीय. तू बूट घाल की!"
"छे! बूट पळायला. पैठणीवर कोल्हापुरीच!"
"मग माझ्या मालकीण शालनकाकूंनी चारा टाकला तर थांबते."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टुणी गेली शालनकाकूंकडे. काकू दारात बसलेल्या. भोवती चपलाच चपला!
"काकू, काकू, चारा टाका.
शेळी थांबेना,
कोळी दोरा देईना,
शिंपीण शिवेना,
करवलीला चप्पल मिळेना!"

"अगं, मलाच चप्पल सुचेना! चार घरी हळदीकुंकू आहे. साडी ठरली, चप्पल ठरेना. आधी चप्पल, मग चारा."

अरे बापरे!
काकू चारा टाकेनात,
शेळी थांबेना,
कोळी दोरा देईना,
शिंपीण शिवेना,
करवलीला चप्पल मिळेना!

पण टुणी घाबरली का? मुळीच नाही. चपला म्हणजे टुणीचा हातखंडा!
टुणीने ढीग बघितला. इकडून बघितला, तिकडून बघितला.
"काकू, या साध्या काळ्या घाला."
"आणि या सोनेरी? बघ ना, किती बकलं!"
"म्हणून तर नको! चार घरी चार उंबरे. चारदा काढायच्या, चारदा घालायच्या. बकलं सोडता सोडता हळदीकुंकू संपेल!"

काकूंनी काळी चप्पल घातली. पाय आत, सर्रकन! पाय बाहेर, सर्रकन!
"अगं बाई! हे मला कसं नाही सुचलं?"

काकूंनी चारा टाकला. धप्प!
शेळी थांबली. चरचर चरचर.
कोळ्याने दोरा दिला. सुळकन!
शिंपीणताईने अंगठा शिवला. टुच टुच टुच.
आणि करवलीला चप्पल मिळाली!

टुणी निघाली. करकर करकर, करकर करकर. सहाच्या सहा कोल्हापुरी वाजत होत्या.
"करवली आली! करवली आली!" सगळे ओरडले.
दादा तर घोड्यावरून उतरूनच आला. "टुणे, तुझीच वाट बघत होतो गं!"
टुणीने करा उचलला. दादामागे ताठ उभी राहिली.
"हं, आता चला!"
आणि सगळं वऱ्हाड निघालं.

वऱ्हाड पोचलं मांडवात, गोष्ट पोचली तुमच्या कानात!