धामणीचे धनुष्य आणि महाराजांचा हात

उंबरखोऱ्यात चिंधीनाथ महाराज कधी येऊन राहिले, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. डोंगराईदेवीच्या देवळापुढे कडुनिंबाचा पार होता, त्या पारावर त्यांचा मुक्काम असे. अंगावर लोकांनी टाकलेल्या चिंध्या आणि जिभेवर शिव्या! संत म्हणजे गोड बोलणारे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा महाराजांसमोर उभे राहून पाहायला हवे होते. पण त्यांच्या शिव्या खाऊन कुणी रिकाम्या हाताने परत गेला, असे मात्र कधी झाले नाही.

त्याच गावात नवसू नावाचा धनुष्य करणारा राहत होता. त्याच्या घराण्याला मोठा मान होता. दर दसऱ्याला नवसूच्या घरचे नवे धनुष्य देवीपुढे यायचे. गावचे देशमुख ते सगळ्यांदेखत ओढून एक बाण गवताच्या भाऱ्यात मारायचे, आणि मग ते धनुष्य वर्षभर देवीच्या पायाशी राहायचे. अट एकच होती. ओढताना धनुष्य मोडले, तर मान गेला, कायमचा गेला. नवसूच्या आजा-पणजापासून ते कधी मोडले नव्हते.

त्या साली देशमुखांनी, म्हणजे सर्जेरावांनी, शहरातून बंदूक आणली होती. धनुष्याच्या जागी ती ठेवायचा त्यांचा मनसुबा होता. आता बंदूक मिरवायची तर सरळ तसे म्हणावे ना! पण नाही. गावाची रीत मोडल्याचा बोल स्वतःवर नको होता. धनुष्य मोडून तो नवसूच्या माथी मारायचा होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवसू अंगणात कामाला बसला होता. दोन पावसाळे चुलीवरच्या माळ्यात धुराने सुकवलेली धामणीच्या झाडाची काठी त्याच्या मांडीवर होती. अशा काठीच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या अंगाला, हात लावायचा नसतो. पोटाकडून, म्हणजे दोरीकडच्या अंगाने, विळ्याच्या धारेने थोडे लाकूड खरवडायचे, मग धनुष्याची मधली मूठ भिंतीतल्या खुंटीवर टेकवून दोरी खाली ओढायची आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचे. जी बाजू ताठ राहील तिथले पुन्हा थोडे काढायचे. बापाने त्याला शिकवले होते, दरवेळी देवाचे नाव घ्यावे आणि मगच लाकडाला विळा लावावा. नवसू महाराजांचे नाव घेत असे.

एवढ्यात सर्जेराव चार माणसांसह वाटेने जाताना थांबले.

“काय रे नवश्या, काम हातानं चाललंय का तोंडानं?”

“महाराजांचं नाव घेतो, मालक.”

“त्या चिंधीचं? आन् उद्या हे मोडाया लागलं, तर तुझा बाबा येऊन धरणार हाय का त्याला?” बरोबरची माणसे खो खो हसली. सर्जेरावांना चेव आला. “ज्याला सोताची लंगोटी धड सांभाळता येत न्हाय, तो काय धरतोय!”

नवसूने खाली मान घालून विळा उचलला. उलट बोलला असता तर बरे झाले असते! त्याने राग गिळला आणि तो राग सगळा हातात उतरला. देशमुख निघून गेले तरी त्याच्या कानात ते हसणे घुमत होते. विळा चालू लागला. नाव न घेता, खुंटीवर न टेकवता, खर्र खर्र खर्र. बोलणाऱ्याची जीभच खरवडतोय अशा आवेशाने तो खरवडत होता. भानावर आला तेव्हा मुठीच्या खाली वीतभर अंतरावर लाकूड नको तितके उतरले होते. त्याने घाईघाईने दोरी ओढून पाहिली, तशी ती बाजू नेमकी तिथेच गुडघ्यासारखी मुडपली.

काढलेले लाकूड परत लावता येत नाही. वाळलेली दुसरी काठी घरात नव्हती, आणि ओल्या काठीचे धनुष्य होत नाही.  नवसू धनुष्य घेऊन तडक पारावर गेला. पाया पडणेही त्याला सुचले नाही.

“तुमच्या पायी झालं हे! तुमचं नाव घेतलं म्हणून हसले ते मला!” तो ओरडला. “आता उद्या मान जाणार माझा. बसा तुम्ही पारावर मजेत!”

“कुणावर वरडतो रे भडव्या?” महाराज त्याच्या दुप्पट ओरडले. “विळा माझ्या हातात हुता का? दाखव कुठं लागलंय ते.”

नवसूने जागा दाखवली. महाराजांनी आपला डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत त्या जागेवर दाबून धरला, क्षणभर डोळे मिटले आणि धनुष्य त्याच्या अंगावर फेकले.

“जा. तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ दे.”

ना अंगारा, ना आशीर्वाद. नवसू पाय आपटीत घरी आला. लाकूड होते तसेच होते, बोट फिरवले की खळगा लागत होता. त्या संध्याकाळी त्याने महाराजांना मनातल्या मनात काय काय म्हटले, ते इथे न सांगितलेलेच बरे.

दसऱ्याला सारे गाव देवळापुढे जमले. सर्जेरावांची बंदूक रेशमी कापडात गुंडाळून तयार होती. महाराज नेहमीसारखे पारावर बसले होते. सर्जेरावांनी धनुष्य हातात घेतले, खालच्या बाजूवरून बोट फिरवले आणि त्यांना खळगा लागला. ते गालात हसले. 

बाण लावून दोरी छातीपर्यंत ओढायची, अशी रीत. सर्जेरावांनी छातीपर्यंत ओढली. धनुष्य सारखे वाकले. मुडपले नाही! नवसूचा विश्वास बसेना. सर्जेरावांचे हसू मावळले. त्यांनी दोरी कानापर्यंत नेली. तरी काही नाही. मग मात्र त्यांचा तोल सुटला. बाण फेकून देऊन, दात-ओठ खात, कानाच्याही मागे त्यांनी दोरी ताणली.

कर्रर्र!

आवाज आला, पण तो लाकडाचा नव्हता. तो पारावरून आला होता. नवसूने वळून पाहिले. महाराजांचा डावा हात मनगट आणि कोपराच्या मध्ये वाकला होता. चेहरा घामाने डबडबला होता, पण तोंडातून हूं का चूं नव्हते.

लोकांनी पाहिले. सर्जेरावांनीही पाहिले. दोरी त्यांच्या बोटांतून निसटायला आली.

“सोडू नका!” नवसूने डरकाळी फोडली. बाण नसताना ताणलेली दोरी सोडली की तिचा सगळा दणका धनुष्याच्या अंगात जातो, आणि हा दणका कुणाच्या अंगात जाणार होता ते त्याला कळले होते. “सोडाल तर जीव घेईन तुमचा, देशमुख! धरून ठेवा!”

तो धावला. सर्जेरावांच्या बोटांवर आपली बोटे घट्ट दाबून त्याने दोरी पकडली. ज्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता, त्याच्या छातीला छाती लावून तो उभा राहिला.

“हळू… माझ्यासंगं… हळू,” तो म्हणाला.

दोघांनी मिळून दोरी तसूतसूने पुढे नेली. ती जसजशी सैल होत गेली, तसतसा पारावरचा हात सरळ होत गेला. शेवटी त्या हातावर वीतभर लांबीचा काळानिळा वळ तेवढा राहिला. तो नेमका धनुष्यावरच्या खळग्याएवढाच होता!

 “धरणार हाय का” असे आपणच विचारले होते, हे सर्जेरावांना आठवले असावे. ते पाराकडे धावले आणि त्यांनी महाराजांचे पाय धरले. त्यांच्याआधी नवसू तिथे लोळण घेऊन रडत होता. आपल्याच विळ्याची जखम समोर पाहून त्याचा सारा राग स्वतःवर उलटला होता.

“महाराज, माझं चुकलं,” सर्जेराव म्हणाले.

“तुझं एकट्याचं?” महाराज कडाडले. “ह्यो रागानं खरवडतो, तू रागानं वढतो, आन् मधी हात माझा! पाया मागनं पडा. आधी त्या धनुष्याची दोरी उतरवा. हात दुखतोय माझा!”

सर्जेराव उठले. गावादेखत, आपल्या हातांनी, त्यांनी धनुष्याची दोरी उतरवली आणि ते देवीच्या पायाशी ठेवले. बंदूक कापडातच घरी गेली. मग पारापाशी येऊन त्यांनी पागोटे काढले आणि नवसूच्या शेजारी आपले डोके महाराजांच्या पायांवर टेकले.

महाराजांनी उजवा हात उचलला आणि दोघांच्याही पाठीत एकेक सणसणीत धपाटा घातला. मग तोच हात, बराच वेळ, दोघांच्या पाठीवरून फिरत राहिला.