भागरथाबुढीच्या शिव्या

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई-मच्छर घेऊन जाणारी मारबत आली की मलाच धरून बसवता. गावात दुसऱ्या कोणाला तोंड नाही का? बरं, सांगतो. मधात बोलायचं नाही पोरांनो, आणि तो चिवडा खाली ठेवा.

फार वर्षं झाली. आपला तलाव तेव्हा पार चावडीपर्यंत होता. मच्छर एवढे, की उघड्यावर बांधलेला रेडा सकाळी दुसऱ्याच्या वावरात सापडायचा, असं म्हणतात. घरोघर कडूनिंबाचा धूर. माणसं खोकत निजायची, खोकत उठायची. एकट्या भागरथाबुढीच्या घरात धूर नव्हता आणि मच्छरही नव्हता. खिडकीत, दारामागं, खाटेच्या उशाशी तिनं फुटक्या मडक्यांत सब्जा लावलेला. जाता-येता त्यावर हात फिरवायची, की घरभर वास.

शेजारच्या रुखमाचं लेकरू तान्हं होतं. आधीचं एक तापानं गेलेलं. हेही अंगभर मच्छर चावून रडायचं, आता तापू लागलं. रुखमा बुढीकडे गेली. बुढीनं हसत रोप दिलं. रुखमानं कौतुकानं अंगणात लावलं, बकरीनं खाल्लं. पुन्हा दिलं, ते कोंबड्यांनी उकरलं. गाव म्हणालं, "दिलेलं रोप जगत नाही बाई, चोरून आण."

मग भरदुपारी, बुढी तलावावर गेलेली पाहून रुखमानं फांदी मोडली. परत येणाऱ्या बुढीला पळता पदर दिसला. बुढी काय ते समजली. घरात गेली, पाणी प्यायली, आणि चौकात उभी राहून असा गळा काढला, की तलावातले बगळे उडाले.

"कोण गं ती मेली? तुझ्या घरात मच्छरसुद्धा न राहो!"

रुखमा अशी भ्याली, की फांदी अंगणात लावायची हिंमतच झाली नाही. मडक्यात खोचली, पाळण्याजवळच्या खिडकीत ठेवली. कोणी आलं की वरून लुगडं ओढायची. लेकराच्या अंघोळीचं पाणी फांदीला घालायची. रोप जगलं. बकरी घरात येते कशाला? मच्छर उंबऱ्यापर्यंत आले आणि शिवी ऐकल्यासारखे मागं फिरले, असं म्हणतात. लेकरू रात्रभर निजलं. ताप उतरला.

तेव्हापासून बुढी मुद्दाम फांद्या खिडकीबाहेर वाकवून ठेवायची. माणसं चोरायची, ती शिव्या द्यायची, माणसं घाबरून रोप घरात दडवायची. ती गेली तेव्हा तिरडीवर माशी बसली नाही. सब्ज्याचा वास तलावापलीकडच्या गावात गेला, असं म्हणतात. मला तर अजून येतो.

म्हणून आपल्याकडे मारबतीच्या सकाळी दुसऱ्याच्या घरची फांदी चोरायची, आणि घरच्यानं दारात येऊन बुढीची शिवी द्यायची. ज्याला शिवी मिळत नाही, तो दिवसभर रुसून बसतो.

पण चोरायची ती फांदी. मडकं नाही! गेल्या साली एकानं माझं अख्खं मडकंच उचललं, माझ्या बायकोनं जाण्याआधी लावलेलं. मी दारातून जे बोललो ते रीतीचं नव्हतं. तर लोक म्हणतात, "वा, यंदा म्हाताऱ्यानं काय रीत पाळली!" आणि तो मडकं काखेत घेऊन हसतोय. परत नको मला ते, त्याच्या घरात जगलंय म्हणतात. 'चुकलो' म्हणावं त्यानं, एवढंच. तुम्ही त्याच्याच आळीतली ना? घरी जाऊन सांगा. त्याचं नाव विसरू नका.

कवडू नान्हे.