तोरणातली साळुंकी

सुया अजून बोलत होत्या, त्या काळची ही गोष्ट. द्वारकाबाई चैत्रगौरीच्या आराशीसाठी तोरणावर लोकरीची पाखरं भरत होत्या. बाकीची पाखरं पाठमोरी होती; शेवटच्या साळुंकीचा डोळा तेवढा राहिला होता.

“बाई, डोळा भरू नका,” सुई म्हणाली. “डोळा आला की पाखरू इथलं होतं, बाहेर उरत नाही.”

“मग आंधळं पाखरू टांगू दाराला?” असं म्हणत बाईंनी काळ्या लोकरीचा टाका घातला. अंगणात दोन साळुंक्या होत्या. त्यातली एक शीळ अर्धी टाकून नाहीशी झाली.

दुसरी उंबऱ्याशी आली. “माझा जोडीदार तुमच्या तोरणात आहे, बाई. एवढा एक टाका उसवा.”

बाईंनी पाहिलं. साळुंकीचं लोकरीचं पोट हळूहळू वरखाली होत होतं. बाईंनी कात्री उचलली. पण फाटकाशी बायकांचे आवाज ऐकू आले.

“आज हळदीकुंकू आहे गं,” त्या पुटपुटल्या. “उद्या सकाळी नक्की उसवते.”

बायका आल्या, आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या. “काय हुबेहूब पाखरं! नुसतं बोलायचं बाकी आहे!” तोरणाखाली साळुंकी सारखी ओरडत होती. बाईंनी तिला पदराने हाकललं.

सकाळी त्यांनी डोळा उसवला. पोट हललं नाही. दोऱ्याच्या टोकाला एक ओलं पीस लागून आलं.

बाईंनी सुईकडे पाहिलं. सुई काही बोलली नाही. त्यानंतर कुठलीच सुई कधी बोलली नाही.