चारुमतीचे एक वाक्य

एका राज्यात वक्रघोण नावाच्या मांत्रिकाने भर दरबारात राजाला दगड करून टाकले. शापाला उतारा एकच होता: डोंगरावर जाऊन मांत्रिकाला शब्दांत हरवावे. दरबारचे तर्कपंडित सोमदत्त गेले, ते परतले नाहीत. वर्षभराने त्यांची मुलगी चारुमती निघाली.

पायथ्याशी एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "वाटेत तीन अडथळे आहेत. चुकेल तो दगड होईल."

पहिल्या वळणावर गवताच्या दोन भाऱ्यांच्या बरोबर मध्ये एक गाढव उभे होते. भाऱ्यांत तसूभर फरक नव्हता, म्हणून त्याला कोणताच निवडता येईना. त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या.

"भारे हलवू नकोस, गाढवाला ढकलू नकोस. पण ते जगले पाहिजे," साळुंकी म्हणाली.

चारुमतीने गाढवाच्या एका डोळ्यावर हळूच हात ठेवला. दुसऱ्या डोळ्याला जो भारा दिसला, तिकडे ते वळले आणि खाऊ लागले. त्याचे पोट भरेपर्यंत ती तिथेच थांबली.

दुसऱ्या वळणावर बंद दरवाजा होता. त्यावर कोरले होते, 'हे वाक्य खोटे आहे.'

"खरे की खोटे?" साळुंकीने विचारले.

खरे म्हणावे तर ते खोटे ठरे, खोटे म्हणावे तर खरे. चारुमती बराच वेळ उंबऱ्याशी बसून राहिली. मग म्हणाली, "दोन्ही नाही. वाक्याने कशाविषयी तरी काही सांगावे. हे स्वतःभोवतीच फिरते, सांगत काहीच नाही."

दरवाजा उघडला.

पुढे दरीवर पूल होता. पुलाच्या तोंडाशी सोमदत्त दगड होऊन उभे होते. तिने त्यांच्या गालाला हात लावला. गाल थंडगार होता.

वक्रघोण समोर आला. "मी तुझे काय करीन, ते एका वाक्यात सांग. खरे ठरले तर सोडीन, खोटे ठरले तर दगड करीन. माझी सारी विद्या या वचनावर उभी आहे."

"माझे बाबा काय म्हणाले होते?"

"'तू मला सोडशील' म्हणाले. मी त्यांना दगड केले, आणि वाक्य खोटे ठरले."

चारुमतीच्याही ओठांवर तेच आले होते. तिने ते गिळले.

"तू मला दगड करशील," ती म्हणाली.

मांत्रिकाने काठी उचलली आणि तो थांबला. दगड करावे, तर ती खरे बोलली; तिला सोडायला हवे. सोडावे, तर ती खोटे बोलली. तिला दगड करायला हवे. काठी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. वचन पाळता येईना, तशी विद्या त्याला सोडून गेली. काठी मधोमध तडकली.

सोमदत्तांनी डोळे उघडले. "काय म्हणालीस त्याला?"

तिने सांगितले.

"मी भ्यालो होतो, बाळ. म्हणून जे हवे होते तेच बोलून बसलो."

"मीही भ्याले होते, बाबा."

तिने त्यांचा हात धरला आणि दोघे उतरू लागली. खाली राजा सिंहासनावरून उठला होता. वर्षभर मुका पडलेला नगारा वाजू लागला, तो त्यांना डोंगरावर ऐकू आला.