ठमाआजीचा उंबरा

शेंडेवळच्या कड्याखाली एक रिकामं जोतं आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही, पुढं एक दगडी उंबरा तेवढा शिल्लक आहे. सकाळी तुम्ही त्या वाटेनं वर आलात तेव्हा गावातला एकजण पाठीवर औषधाचा पंप घेऊन त्या उंबऱ्याबाहेर उभा होता. त्यानं चपला काढल्या, मोठ्यानं हाक मारली, "ठमाआजी, फवारू का?" आणि मग नुसताच उभा राहिला. तुमच्यातलं कुणीतरी हसलं. हसू येणारच. आत माणूस नाही, आणि हा विचारतोय कुणाला?

मला इथं गोमाबाबा म्हणतात. वय ऐंशीला टेकलं असेल. हे घडलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पण माझी आई त्या वर्षी नवी नवरी होऊन या गावात आली होती. तिनं जे डोळ्यांनी पाहिलं ते मला सांगितलं, बाकीचं गाव सांगतं.

वर कडा बघा. त्या काळ्या दगडावर सुपाएवढे, काही तर दाराएवढे, काळपट डाग दिसतात ना, ती आग्या माशांच्या पोळ्यांची जागा. एकेका वर्षी चाळीस-चाळीस पोळी लागायची, असं सांगतात. पाऊस सरला की माशा यायच्या, आणि नेमकी तेव्हाच खाली खुरासणी फुलायची. खुरासणी म्हणजे आमचं तेलाचं पीक. सगळं खोरं पिवळं व्हायचं. कडा दिवसभर घुमायचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी डोकं धरून बसावं लागे, म्हणे. माझ्या आईलाही तसंच झालं. आठ दिवसांत सवय झाली, आणि मग तो आवाज तिच्या कानाला लागेनासा झाला.

मध काढायचा मान हैबतीच्या घराण्याकडे होता. वेलींचा दोर कड्याच्या माथ्यावर झाडाला बांधायचा, खाली लोंबकळायचं, धूर करून पोळं कापायचं. हैबती त्यात तयार गडी होता. आणि त्यांच्यात एक रीत होती, की पहिल्या पोळ्यातला वाटा कड्याखालच्या घराला द्यायचा. त्या घरात ठमाबाई राहायची. एकटी बाई. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही, चार कोंबड्या आणि दारापुढं भोपळ्याचा वेल. त्या सालच्या उन्हाळ्यात हैबतीनं तिला वाटा दिला नाही. का दिला नाही, ते कुणी नक्की सांगत नाही. माज आला होता, एवढंच माझी आई म्हणायची.

पाऊस सरल्यावर माशा परत आल्या तेव्हा ठमाबाईनं त्याला पाणवठ्यावर गाठलं. चार बायका तिथं होत्या.

"हैबती, माझा वाटा राहिलाय."

"औंदा बघू, काकी."

"बघू काय? तुझ्या बापानं कधी बघू म्हटलं नव्हतं."

"बाप गेला. आता मी देतो तेव्हा घ्यायचं."

तेव्हा ती म्हातारी चवताळली. "मग जा! तुझ्या कड्यावर एक माशी राहायची न्हाई!"

हे शब्द चार बायकांनी ऐकले. चारांचे चाळीस झाले.

त्याच आठवड्यात हैबतीच्या खुरासणीवर अळी पडली. तालुक्याहून एक साहेब येऊन गेले होते, त्यांनी त्याला पांढऱ्या पावडरीचं पोतं दिलं होतं. नवी गोष्ट होती ती. फडक्यात बांधायची, काठीला लटकवायची आणि पिकावर झटकत जायचं. अळी मरते, माणसाला काही होत नाही, असं साहेब म्हणाले. तिला असा कुबट वास यायचा, ओल्या भिंतीसारखा. हैबतीनं एका सकाळी दव असताना ती झटकली. वारा खिंडीतून येत होता. पावडर त्याच्या रानात पडली तशी उडालीही. शेजाऱ्याच्या रानावर गेली, त्याच्या पलीकडच्या रानावर गेली, धुक्यासारखी सगळ्या पिवळ्या खोऱ्यावर पसरली आणि बसली. लोकांनी बघितलं. छान दिसत होतं, म्हणे.

दुसऱ्या सकाळी माझी आई पाण्याला गेली. तिनं हंडा भरून डोक्यावर घेतला आणि तिच्या पायाखाली काहीतरी चुरडलं. खाली बघते तर माशा. पाणवठ्याच्या दगडांवर, वाटेवर, पाण्यावर माशाच माशा. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून गरागरा फिरत होत्या, पाय झाडत होत्या. वरून आणखी पडत होत्या. तिच्या पदरावर पडल्या, हंड्यात पडल्या. एकही चावली नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला आपलाच श्वास ऐकू येतोय. कडा घुमत नव्हता. हंडा तिथंच टाकून ती पळत घरी आली.

संध्याकाळपर्यंत कड्याखाली घोट्याएवढा थर झाला. लोक सुपानं भरून बाजूला करत होते. अशा वेळी माणसाला कुणीतरी लागतं ज्याच्याकडं बोट दाखवता येईल. आणि बोट पहिलं कुणी दाखवलं? हैबतीनं. "हिनं पाणवठ्यावर म्हटलंय. चार बायकांना विचारा." बायकांना विचारलं. बायकांनी खरं ते सांगितलं.

मग जे झालं ते सांगायला मला आजही जड जातं. गावानं ठमाबाईला भुताळीण ठरवलं. पाटलांनी सांगितलं की उद्या दुपारपर्यंत तिनं शीव ओलांडायची. सकाळी माणसं गेली आणि तिचं घर मोडलं. त्यांत माझे आजोबा होते. तिनं अडवलं नाही. कोंबड्यांचे पाय बांधले, भांडी फडक्यात बांधली आणि देवळापुढं येऊन बसली.

ज्यांना थोडीफार शंका होती त्यांना हैबती म्हणाला, "थांबा. मी पोळं उतरवून आणतो. हिनं त्यावर काय केलंय ते दाखवतो." आणि दोर घेऊन कड्यावर गेला.

भर उन्हात, धूर न घेता, तो पोळ्यापर्यंत उतरला. असं त्याच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. सगळ्या पोळ्यांवर मिळून मूठभर माशा जिवंत होत्या, त्याही नुसत्या थरथरत होत्या. त्यानं एक पोळं कोयत्यानं कापलं. आत पिलं होती, मेणाच्या घरांतच काळी पडलेली. आणि पिलांच्या वरच्या अंगाला, जिथं माशा फुलांचा पराग साठवतात, तिथं पिवळ्याऐवजी पांढरं भरलेलं होतं. थरावर थर, नीट दाबून. त्यानं बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

कुबट वास. ओल्या भिंतीचा.

हैबतीनं पुढं आयुष्यभर हे सांगितलं, म्हणे. तो सांगायचा की मी दोराला लोंबकळत होतो आणि माझे हात सुटायचेच बाकी होते. माशांना ती पावडर परागासारखी वाटली. त्यांनी ती पायांना लावली, घरी नेली, साठवली, पिलांना चारली. मरेपर्यंत कामच करत होत्या बिचाऱ्या.

तो तिथून कुठंही जाऊ शकला असता. पोळं दरीत टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. दुपार व्हायला आली होती, म्हातारी शीव ओलांडणार होती, आणि ती गेली की सगळं तिच्या नावावर गेलं असतं. पण तो खाली आला. आधी घरी गेला, उरलेलं पोतं खांद्यावर टाकलं, आणि एका हातात पोळं घेऊन देवळापुढं आला.

"सापडलं का रं काही?" पाटलांनी विचारलं.

"सापडलं."

"तिचंच ना?"

"माझं," हैबती म्हणाला. "ह्याचा वास घ्या. आता पोत्याचा घ्या."

पाटलांनी वास घेतला आणि पोळं पुढच्याकडं दिलं. ते हातोहात फिरलं. सगळ्या गावानं वास घेतला, बायकांनीसुद्धा. माझ्या आईनं घेतला. पुढं कितीतरी वर्षं ती फुलाला नाक लावत नसे.

शेवटी ठमाबाई उठली. शिव्या देईल, असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "माझं घर मोडलंय. थंडीच्या आत कोण बांधणार?"

"मी बांधतो, काकी."

"बांध. आणि पुन्हा असलं काही रानात टाकायचं असेल तर आधी माझ्या दारात येऊन विचारायचं. तू आणि ह्या सगळ्यांनी."

हैबतीनं देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. ते घर त्यानं एकट्यानं बांधलं. दुसऱ्या कुणाला दगड उचलू दिला नाही. कड्यावरची सगळी पोळी मधासकट उतरवून खोल खड्ड्यात पुरली, एक थेंब कुणाच्या तोंडी जाऊ दिला नाही, आणि दोर तोडून टाकला. त्या साली खुरासणीची फुलं भरपूर फुलली, पण त्यांवर फिरायला माशी नव्हती, आणि दाणे पोचट निघाले. ठमाबाईच्या वेलाला एक भोपळा धरला नाही. पुढची चार-पाच वर्षं गावानं दिव्यालाही तेल मोजून वापरलं.

ठमाबाई पुढं बरीच वर्षं जगली. जो विचारायला येई त्याला ती उंबऱ्याबाहेर थांबवी आणि विचारी, "वारा कुठला हाय? कुणाच्या रानात फुलोरा हाय?" उत्तर नीट आलं नाही तर परत पाठवी. ती गेल्यावर घर पडलं, हाक राहिली. हाक कड्यावर आपटून सगळ्या गावाला ऐकू जाते. ज्याच्या रानात फुलं असतील त्यानं आपल्या बांधावरून "नको" म्हणायचं. एकानं जरी नको म्हटलं तरी पंप घरी न्यायचा. सकाळचा तो माणूस त्याचीच वाट बघत होता.

आग्या माशा कड्यावर परत आल्या नाहीत. लहान माशा, सातेरी, मात्र आल्या. पाचव्या की सहाव्या वर्षी आल्या, असं सांगतात. झाडांच्या ढोलीत, भिंतींच्या फटीत त्या राहतात. खुरासणीला आता दाणा भरतो तो त्यांच्यामुळं.

आजही खुरासणी फुलली की इथल्या बायका तांबडं फुटल्यावर चूल पेटवायच्या आधी बांधावर जाऊन उभ्या राहतात आणि ऐकतात. गुणगुण ऐकू आली की घरी जातात. गेल्या साली खिंडीपलीकडं रस्त्यासाठी डोंगर फोडत होते. तिकडून आठवडाभर खडीची धूळ येत होती. पिवळी फुलं करडी दिसायला लागली. एका सकाळी बायका बांधावर गेल्या आणि काहीच ऐकू आलं नाही. त्या तिथंच थांबल्या. मग पुरुष गेले, पोरं गेली, काठी टेकत मीही गेलो. ऊन वर आलं. कुणी बसलं नाही. माझी सून माझ्या शेजारी उभी होती, तिच्या हातातली काड्यापेटी घामानं भिजली होती. दुपार व्हायच्या बेताला एक माशी आली. एका फुलावर उतरली, उडाली, दुसऱ्यावर उतरली, आणि मग तिथंच बसून राहिली. मग दुसरी आली.

सगळ्या गावानं त्या दोन माशा बघितल्या. नंतर एकेक बाई वळली, आणि त्या दिवशी शेंडेवळच्या चुली दुपारी पेटल्या.