तीन पायांची खाट

दोन हजार बावीस साल, माघ महिना. हरभरा सोंगणीला आला होता. तेव्हा एका गावात एक भोळा सुतार होता. तो मीच.

माझी सून मयुरी आणि तिच्या दोन मैत्रिणी यांनी एका स्पर्धेत नाव घातलं. शनिवार-रविवार, दोन दिवसांत कॉम्प्युटरवरचा खेळ बनवायचा. रविवारी संध्याकाळी सहाला पाठवायचा. खेळ असा, की एक म्हातारा दगडादगडावर उड्या मारत ओढा ओलांडतो.

मैत्रिणींना पाठ टेकायला काही हवं होतं. मी शेजारच्या धोंडीअण्णांकडे खाट मागितली.

"न्या नाना," अण्णा म्हणाले, "पण उद्या सहाला परत पाहिजे. लेकीचे सासरे पहिल्यांदाच घरी येतायत. त्यांना काय भुईवर बसवू?"

"सुताराचा शब्द आहे," मी म्हणालो.

खाटेचे पाय आमच्या दारात अडले. आत मयुरी मैत्रिणींना सांगत होती, "मावत नाही ते कापायचं. जीव लावून बसायचं नाही."

जन्मभर सुतारकी केली. खाट आडवी केली की दारातून जाते, हे मला ठाऊक होतं. पण सून शिकलेली. मी करवत आणली आणि चारही पाय कापले. खाट आत गेली.

"मामंजी! हे काय केलंत?"

"मावत नव्हती."

"अहो, ते खेळाचं होतं! खेळात एक वाघ होता, तो कापला आम्ही."

"खाटेत वाघ नव्हता. पायच होते."

मी नवे पाय घडवायला बसलो. बाभळीचं लाकूड, घाई चालत नाही. रविवारी सकाळी दोन पाय बसले, दोन्ही उशाकडचे. घरात पाहतो तर पोरींनी अर्धवट खेळ दूधवाल्याच्या हातात दिलेला.

"कशाला गं?"

"अर्धं झालं की परक्याला देऊन बघायचं, मामंजी. आपण काही बोलायचं नाही. तो कुठे अडखळतो ते नुसतं बघायचं."

मला पटलं. मी खाटेवर सतरंजी टाकली. अण्णांना हाक मारली. म्हटलं, "बसा."

अण्णा बसले आणि घसरत पायथ्याशी गेले. तिथून भुईवर. मी बोललो नाही. नुसतं बघितलं.

"दोनच पाय आहेत, हे सांगायला तोंड नव्हतं का?" अण्णा ओरडले.

"सांगायचं नसतं."

मयुरी धावत आली. अण्णांच्या कोपराला हळद लावत म्हणाली, "मामंजी, पडलेल्या माणसाकडे बघत काय उभे राहता? आमच्या खेळातसुद्धा म्हातारा पडला की त्याला उचलून जिथून निघाला तिथे नेऊन सोडतो. मग तो पुन्हा येतो."

"हे आधी सांगायचं होतंस."

संध्याकाळपर्यंत तिसरा पाय बसला. चौथ्याला रंधा मारत होतो, तेवढ्यात आतून मयुरी ओरडली, "सहा वाजले! जसा आहे तसा पाठव! पुरा व्हायची वाट बघितली तर काहीच दिलं जाणार नाही."

त्यांचा म्हातारा अजून ओढ्यातच होता. तरी पाठवला.

मीही रंधा खाली ठेवला. खाट होती तशी उचलली आणि अण्णांच्या ओसरीवर नेऊन टेकवली. सतरंजी नीट पसरली. शब्द म्हणजे शब्द.

व्याही आले. डोक्याला फेटा, खांद्यावर नवं उपरणं. अण्णा म्हणाले, "बसा व्याही, टेका."

मी काही बोललो नाही.

व्याही टेकले. चहाची कपबशी त्यांच्या आधी खाली पोचली.

पण सकाळची चूक मी दुसऱ्यांदा करणार नव्हतो. बघत उभा राहिलो नाही. व्याह्यांना उचललं, फेटा झटकला, डोक्यावर ठेवला. दंडाला धरून थेट एसटी स्टँडवर आणलं.

"अहो, कुठे नेताय मला?"

"जिथून निघालात तिथे."

त्यांच्या गावची, निमगावची गाडी लागलेलीच होती. व्याह्यांना खिडकीजवळ बसवलं. अण्णा अनवाणी पळत आले तोवर गाडी फाट्यावर गेली होती.

"पुन्हा येतील," मी त्यांना सांगितलं.

व्याही आले ते पुढच्या रविवारी. तोवर अण्णांची खाट पुन्हा घरी आणून, चौथा पाय बसवून मी परत केली होती.