पानाच्या गावाने उचललेला विडा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा राजे होते की नव्हते, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण विडा होता, हे नक्की. लग्न ठरलं की विडा, भांडण मिटलं की विडा, पाहुणा निघाला की विडा.

आणि विडा काही एका गावात होत नसे. नदीकाठी पानाचं गाव होतं, समुद्राकाठी सुपारीचं. खाडीवर शिंपले भाजून चुना करणारं एक गाव होतं आणि खैराच्या रानात कात शिजवणारं एक. मध्ये तीन घाट आणि प्रत्येक घाटावर नाका. पूर्वी नाक्यानाक्यावर माल उघडला जाई, हुज्जत होई, डोकी फुटत. शेवटी चारही गावची शहाणी माणसं एकत्र बसली. त्यांनी ठरवलं, की चार रंगांचा पीळ दिलेला दोरा ज्या करंडीला असेल, ती कुठेही उघडायची नाही, कुठेही अडवायची नाही. बदल्यात चौघांनी मिळून घाट दुरुस्त ठेवायचे आणि चौघांच्या पंचांचे नियम पाळायचे. या मेळाला लोक चौगाव म्हणत. आजे-पणजे या दोऱ्यावर जगले आणि सुखाने मेले.

पानाच्या गावात एक म्हातारा पानमाळी राहत होता. आजोबांनी लावलेला एक मळा, एवढंच त्याचं जग. वेलींना आधार म्हणून लावलेल्या शेवऱ्यांच्या सावलीत तो दिवसभर असे आणि मुलगा त्याच्या हाताखाली. पान खुडायचं, भिजवायचं, करंडीत बांधायचं आणि तिसऱ्या दिवशी सुपारीच्या गावच्या बाजारात उतरवायचं. तीन दिवस पान हिरवंगार राही, चौथ्या दिवशी मलूल होई, पाचव्या दिवशी काळं पडे. म्हाताऱ्याचं सगळं शहाणपण एवढ्यात मावत होतं.

आता खरं तेच सांगायचं, तर पंचांचे काही नियम डोक्यात जाणारे होते. पानाचा देठ किती बोटं ठेवायचा, हे चुन्याच्या गावचा पंच ठरवी आणि त्या बाबाने जन्मात वेल पाहिलेली नव्हती. पानाच्या गावात कुरकुर होती. ती रास्तही होती.

गावाला पाटील नवा मिळाला होता. त्याच्या मालकीची एकही वेल नव्हती. त्याची होती माळावरची ज्वारी, जी गावातच पिके आणि गावातच खाल्ली जाई. पण जीभ अशी, की ऐकणारा तहान विसरे. त्याने चावडीवर गाव गोळा केलं.

"मला सांगा, पानाशिवाय विडा होतो का?"

"नाही!" गाव गरजलं.

"पान नसेल तर सुपारी म्हणजे काय?"

"दगड!"

"कात?"

"चिखल!"

"आणि चुना?"

"तोंड पोळेल!" एक बाई ओरडली आणि चावडी हसून लोळली.

"मग गुंडाळणारे आपण आणि आपल्याला गुंडाळतात हे! पंचांच्या देठाचा जाच आता पुरे. चौगाव सोडायचा. महिन्याभरात तिन्ही गावं हात जोडून दारात उभी करतो. हा मी विडा उचलला!" असं म्हणून त्याने ताटातला विडा उचलला आणि तोंडात टाकला.

म्हातारा पानमाळी मागे बसला होता. तो उठला. "पाटील, दोरा गेला तर नाक्यावर करंडी उघडतील. उघडलं की पानाला वारा लागतो."

"उघडू देत की! आपलं पान बघून त्यांचेच डोळे निवतील."

"डोळे निवतील हो, पण पान सुकेल."

"आबा, तुमची लेक सुपारीच्या गावात दिलीय ना?" कुणीतरी मागून टोमणा मारला. "व्याह्यांचा पुळका आलाय म्हाताऱ्याला!"

त्यावर इतकं हसू झालं, की म्हाताऱ्याचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. तो खाली बसला. आयुष्यभर आपण ज्यांच्या करंड्या आपल्या हाताने बांधून दिल्या, तेच हसत होते.

दोरे तोडले गेले. ढोल वाजले.

आठवड्याभराने म्हातारा करंड्या घेऊन निघाला. पहिल्या नाक्यावर चुन्याच्या गावचा माणूस होता. वीस वर्षांची ओळख. त्याने आधी पाणी दिलं, मग मान खाली घातली.

"आबा, करंड्या खाली घ्या. उघडाव्या लागतील."

"अरे, मला ओळखत नाहीस का?"

"तुम्हाला ओळखतो. करंडीला कसं ओळखू? दोरा नाही तिला. बिनदोऱ्याची करंडी उघडायची, पानं मोजायची, कीड बघायची, असा नियमच आहे. तुमच्याच गावच्या पंचाने सांगून घातलेला, पलीकडच्या खोऱ्यातलं पान अडवायला."

"मग बघ लवकर."

"मी नाही बघू शकत. कीड बघणारा बाजाराच्या दिवशी येतो."

"बाजार कधी आहे?"

"परवा."

म्हातारा दोन दिवस करंड्यांवर पाणी शिंपडत बसला. दुसऱ्या नाक्यावर एक दिवस गेला. तिसऱ्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजणी झाली, कारण दुसऱ्याची मोजणी तिसरा मानत नव्हता. कुणी त्याचा अपमान केला नाही, कुणी हात उगारला नाही. सगळे हळहळले. सगळ्यांनी नियम पाळला.

सातव्या दिवशी त्याने सुपारीच्या गावात करंडी उघडली, तेव्हा आतून वास आला. ओळखीच्या तांबोळ्याने वरचं पान उचललं. ते त्याच्या बोटांतच फाटलं.

"आबा, दोन दिवस वाट बघितली हो तुमची," तांबोळी म्हणाला. "मग पलीकडच्या खोऱ्यातून पान आलं. पंचांनी त्यांना आता दोरा दिलाय. जाड आहे, जिभेला झोंबतं. पण वेळेवर येतं. लग्नाचा मुहूर्त काय पानासाठी थांबतो?"

म्हाताऱ्याने करंड्या समुद्रात रित्या केल्या. लेकीच्या घरी न जाताच तो परतला. काय तोंडाने जाणार?

महिना गेला. दारात कुणी हात जोडून आलं नाही. तेव्हा पाटीलच उठला. "एकेकाशी वेगळा करार करू. एकेकटे मऊ असतात," तो म्हणाला, आणि पानातलं कळतं म्हणून म्हाताऱ्याला सोबत घेऊन सुपारीच्या गावी गेला.

सुपारीच्या गावचा म्होरक्या ओटीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. बारीक, सावकाश.

"या, बसा. करार करू की! कोण नाही म्हणतंय? फक्त बाकी दोघांना विचारायला हवं. पावसाळा सरला की बसू."

"पावसाळा?" पाटील ताडकन म्हणाला. "म्हणजे चार महिने?"

"घाई कसली आहे? ही सुपारी बघा. मागल्या वर्षीची आहे. अजून दात पाडेल तुमचा." तो मनमोकळं हसला. त्या हसण्यात वैर नव्हतं, आणि म्हाताऱ्याला नेमकी त्याचीच भीती वाटली.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "पाटील, सुपारी वर्षभर थांबते. चुना मडक्यात दोन वर्षं थांबतो. कात तर जन्मभर. या मेळात थांबता न येणारे आपण एकटेच होतो. ते काही न करता जिंकतील."

"आबा, तुम्ही पानं बांधा. राजकारण आम्हाला कळतं. ते जेरीला आलेत."

पावसाळ्यानंतर पाटील गेला, तेव्हा अट वाढली होती. उन्हाळ्यात गेला, तेव्हा दुप्पट झाली होती. दर खेपेला गावात येऊन तो सांगे, "आता झालंच!" आणि गाव दर खेपेला टाळ्या वाजवी, कारण टाळ्या थांबवल्या असत्या, तर चावडीवरचं आपलंच हसणं आठवलं असतं.

मळे मात्र टाळ्यांवर जगत नाहीत. न खुडलेलं पान वेलीला जड होतं. ते पिवळं पडतं, मुळाशी कुजतं, आणि कूज शेजारच्या वेलीला धरते. खुडणाऱ्यांना काम उरलं नाही. पलीकडच्या खोऱ्यात नवे मळे लागत होते, तिथे हातांना मागणी होती. एकेक घर बंद झालं. एका सकाळी म्हाताऱ्याचा मुलगाही समोर उभा राहिला.

"बाबा, चला माझ्याबरोबर."

"मळ्याला कोण बघणार?"

"मळा आहे कुठे आता?"

म्हाताऱ्याने पाण्याची घागर उचलली. मुलगा पाया पडला आणि गेला. म्हातारा एकटाच पाणी घालत राहिला. तिसऱ्या वर्षी शेवटची वेल गळून पडली. उघड्या शेवऱ्या तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या त्याने सरपणाला दिल्या. घेणारा पाटीलच होता. त्याला मोठ्या पंगतीसाठी लाकूड हवं होतं.

कारण करार झाला होता! दवंडी पिटली गेली, पाटलाने बाजी मारली. दोरा परत मिळाला. चौगावचे सगळे नियम पाळायचे, देठाचासुद्धा. घाटदुरुस्तीला पूर्वीपेक्षा दुप्पट द्यायचं. आणि पंचांमध्ये बसायला जागा नाही, कारण पानाच्या गावची चौथी जागा मधल्या काळात पलीकडच्या खोऱ्याला दिली गेली होती. एवढी कलमं दवंडीवाल्याने वाचली नाहीत. त्याला तसं सांगितलंच होतं.

पंगत बसली. जेवणानंतर विडे हवेत, तर गावात पान नाही. पाटलाने ते बाहेरून मागवलं आणि विडे लावायला म्हाताऱ्याला बोलावलं. "तुमच्याइतकं पान कुणाला कळतंय, आबा!"

म्हाताऱ्याने करंडीची गाठ सोडली आणि त्याचा हात थांबला. आत केळीच्या पानाची दुहेरी घडी होती, टोकं आत मुडपलेली, मध्ये ओल्या शेवाळाचा पातळ थर. अशी घडी त्याच्या बापाने त्याला शिकवली होती आणि त्याने ती फक्त एकाला शिकवली होती. घडीखालची पानं हिरवीगार होती. एकाच्याही कडेला काळा ठिपका नव्हता.

तो विडे लावत राहिला. पाटलाने पहिला विडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"वा! पान खावं तर आपल्याच गावचं!"

"पान पलीकडचं आहे, पाटील," म्हातारा म्हणाला. "हात तेवढा आपला होता."

पाटलाने ढोलवाल्याला खूण केली. ढोल वाजू लागला. म्हाताऱ्याने पुढचं पान घेतलं, त्याला चुना लावला, आणि ज्याने चावडीवर व्याह्यांवरून टोमणा मारला होता, त्याच्या हातात विडा दिला. तो माणूस आता हसत नव्हता. पण त्याने विडा घेतला आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत जाऊन बसला.

तात्पर्य: मेळ तोडण्याआधी आपल्यावाचून कुणाचं अडेल हे मोजू नये, वाट पाहायची वेळ आली तर आधी कोण सुकेल, हे पाहावं.